नोंद आढळली नाही

मॅडमना कोणी “कशा आहात?” विचारलं की त्या उलट विचारायच्या, “कशाबद्दल?” आणि खरोखरच उत्तराची वाट बघत उभ्या राहायच्या. समोरचा माणूस ओशाळून हसायचा, तब्येतीचं वगैरे काहीतरी पुटपुटायचा. मग त्या म्हणायच्या, “तब्येत ठीक. बाकीचं तुम्ही विचारलेलं नाही.” अशा बाईला मित्रमैत्रिणी नसतात. त्यांनाही नव्हत्या, आणि त्याचं त्यांना वाईट वाटत असेल असं मला कधी दिसलं नाही.

अलिबागला एसटी स्टँडच्या मागच्या बाजूला एका दुकानाच्या वर आमची कंपनी होती. सरकारी कचेऱ्या, संस्था, ट्रस्ट यांचे जुने-नवे कागद आमच्याकडे यायचे. आम्ही मुली ते टाइप करून डेटाबेसमध्ये भरायचो, आणि मग त्या कचेरीला पडद्यावर एक चौकट मिळायची. शब्द टाका, कागद समोर. या सगळ्याच्या मागचा डेटाबेस मॅडम सांभाळायच्या. त्या मुरुडच्या. बरीच वर्षं आखातात एका हॉस्पिटलचा डेटाबेस सांभाळत होत्या, मग एकाएकी परत आल्या. का आल्या याबद्दल ऑफिसात वेगवेगळ्या गोष्टी होत्या आणि कुठलीच त्यांना विचारून तपासून घ्यायची कोणाची छाती नव्हती. मुरुडला मोठ्या भावाचं लहानसं लॉज होतं, त्याच्याच मागच्या दोन खोल्यांत त्या राहायच्या. मोहल्ल्यात त्यांना सगळे आपा म्हणायचे. आमच्याकडे त्या तोंडावर मॅडम आणि पाठीमागे ‘फिर्याद’. काशीदवरून येणाऱ्या सकाळच्या गाडीनं यायच्या, डोक्यावरची ओढणी सारखी करत जिना चढायच्या आणि कोणाकडेही न बघता जागेवर बसायच्या.

मी लागले त्याच आठवड्यात मी त्यांच्याकडे जाऊन म्हटलं, “मॅडम, सर्च बंद पडलंय.” त्यांनी मान वर केली नाही. “हे निदान नाही, ही तक्रार आहे,” त्या म्हणाल्या. “काय विचारलंस, काय मिळालं आणि काय मिळायला हवं होतं, हे तीन सांग. नसेल सांगता येत तर जागेवर जा आणि शोधून ये.” मी जागेवर गेले आणि रडले. नंतर मला कळलं की ऑफिसातली प्रत्येक मुलगी त्या तीन प्रश्नांवरून एकदा तरी रडलेली आहे. शिपायापासून मालकापर्यंत सगळ्यांना त्या हेच विचारायच्या, आणि मालकांना तर जरा जास्तच.

सर्च कसं चालतं हे मी त्यांच्याचकडून शिकले, तेही कुरकुरत सांगितलेलं. जाड पुस्तकाच्या शेवटी सूची असते. कुठला शब्द कुठल्या पानावर, ते तिथं दिलेलं असतं. तुम्ही शब्द टाकता तेव्हा यंत्र अख्खं पुस्तक वाचत बसत नाही, फक्त ती सूची बघतं. तिला इंडेक्स म्हणतात. पानं जागच्या जागी असतात, पण सूचीतल्या काही ओळी गळल्या तर यंत्र खुशाल सांगतं, नोंद आढळली नाही. चुकलं असं म्हणत नाही. बिघडलंय असंही म्हणत नाही. “म्हणून त्याला दोनदा विचारायचं,” मॅडम म्हणायच्या. “एकदा सूचीला. आणि एकदा सूचीच्या पाठीमागे, पानं उलटून.” पानं उलटायला वेळ लागतो, म्हणून ते कोणी करत नाही.

त्यांचा हा स्वभाव डेटाबेसपुरता नव्हता, म्हणून तर माणसं वैतागायची. एकदा संध्याकाळी आम्ही दोघी स्टँडवर उभ्या होतो. चौकशीच्या खिडकीतल्या माणसानं सांगितलं, मुरुड गाडी रद्द. लोक शिव्या घालत रिक्षांकडे निघाले. मॅडम खिडकीशी गेल्या. “रद्द झाली, की तुम्हाला दिसली नाही?” तो म्हणाला, बोर्डावर नाही म्हणजे नाही. “बोर्ड कोण लिहितं?” तो चिडला. मॅडम तिथून निघून सरळ मागे डेपोत शिरल्या. बायकांनी तिथं जायचं नसतं, कोणीच जायचं नसतं. मुरुडची गाडी तिथं उभी होती आणि ड्रायव्हर-कंडक्टर सावलीत चहा पीत होते. त्यांना वाटत होतं, अजून फलाटावर बोलावलं नाही. मॅडम परत आल्या त्या गाडीत बसूनच. म्हातारी माणसं त्यांना दुवा द्यायला लागली, तर त्या म्हणाल्या, “मला घरी जायचं होतं,” आणि खिडकीकडे तोंड करून बसल्या.

एका वाचनालयाची तक्रार आली होती की काही आडनावं सापडतच नाहीत. मालकांचं म्हणणं, सगळा इंडेक्स पुसून नव्यानं बांधा, मोकळे व्हा. मॅडमनी दोन दिवस नुसतं बघण्यात घालवले. मग आम्हाला सगळ्यांना बोलावून ‘कुऱ्हाडे’ हे आडनाव टाइप करायला लावलं. त्यातला अर्धा र निम्म्या जणी एका पद्धतीनं काढत होत्या, निम्म्या दुसऱ्या. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे, यंत्राच्या पोटात दोन वेगळे शब्द. नव्यानं बांधून काही झालं नसतं. मालक म्हणाले, वा, छान. मॅडम म्हणाल्या, “छान काय त्यात? तुमचं ऐकलं असतं तर बिघाड तसाच राहिला असता आणि तुम्ही दुरुस्त झाला म्हणून सांगितलं असतं.” मालकांना असं चारचौघांत बोलतात का? त्या बोलायच्या. मालक हसून घ्यायचे. ते हसणं मी विसरलेले नाही, कारण पुढे ते सगळं वसूल झालं.

आणि त्यांचे मासे. प्रत्येक डेटाबेसमध्ये त्या स्वतःची एक खोटी नोंद घालून ठेवायच्या आणि तिच्यात एका माशाचं नाव लिहायच्या. शिंगाळा, ढोमा, निवटी, जे कचेरीच्या कागदात एरवी येणार नाही असं. दर आठवड्याला नवा मासा. रोज सकाळी चहाच्या आधी त्या मासा शोधायच्या. सापडला तर इंडेक्स जिवंत. “आज काय घावलं मॅडमना?” असं आम्ही आपसांत म्हणायचो. त्यांना ऐकू जायचं. त्यांनी ते कधी मनावर घेतलं नाही, की मासे थांबवलेही नाहीत.

मग ते जमिनीचं काम आलं. खाडीकाठच्या काही गावांची जमीन एका प्रकल्पात जायची होती. गावागावांत शिबिरं लावून लोकांच्या हरकती पेटीत घेतल्या होत्या. ते अर्ज आम्ही टाइप करून डेटाबेसमध्ये भरले आणि मूळ कागद दूरच्या गोदामात गेले. लोकांना पोचपावती मिळालेली नव्हती. मग सुनावण्या सुरू झाल्या. शाळेच्या हॉलमध्ये अधिकारी बसायचे, बाजूला त्यांचा कारकून, आणि एका टेबलावर लॅपटॉप घेऊन आमच्यातली एक. नाव पुकारलं की आम्ही नाव आणि गाव टाकायचं. हरकत निघाली तर ती ऐकली जायची. नाही निघाली तर कारकून त्या माणसाच्या नावापुढे लिहायचा, ‘हरकत नाही’.

त्या दिवशी टेबलावर मी होते. आधी दुसऱ्या गावांच्या सुनावण्या होऊन गेल्या होत्या, आणि नोंद न सापडणारी माणसं रोज थोडीफार असायचीच. बरीचशी मुकाट्यानं निघून जायची. सरकारच्या यंत्रात नाही म्हटल्यावर त्यांनाच वाटायचं, आपण अर्ज दिला होता की नव्हता.

एक काका मात्र हलेनात. खारजमिनीत भात करणारे, साठीच्या पुढचे, इस्त्रीचा शर्ट घालून आलेले. मी सांगितलं, तुमची नोंद आढळत नाही. कारकुनानं लिहून टाकलं. काका टेबलाला धरून उभेच राहिले.

“बाय, मी लिवलाय,” ते मला म्हणाले. “नातीच्या हातानं लिवलाय, पन बोल माजे हायत. परत बघ.”

मी परत बघितलं. नाव उलटसुलट टाकलं. काही नाही. पुढचं नाव पुकारलं गेलं, तरी काका तिथंच. तेव्हा मी बाहेर पडवीत जाऊन मॅडमना फोन केला. या वेळी तीन गोष्टी मी धडाधडा सांगितल्या. काय विचारलं, काय मिळालं, काय मिळायला हवं होतं. मग त्या म्हणाल्या, “मासा तर सकाळी सापडलाय.” आणि पाठोपाठ, “त्यांना जाऊ देऊ नकोस. येते मी.”

त्या रिक्षा करून आल्या. अधिकाऱ्यांना नमस्कार नाही, काही नाही. मला उठवून माझ्या खुर्चीवर बसल्या आणि काकांना विचारलं, “अर्जात काय लिहिलं होतं? नाव नको. दुसऱ्या कोणी लिहिला नसेल असा एखादा शब्द सांगा.”

काकांनी विचार केला. “उघारी,” ते म्हणाले. “आमचे बांधाची उघारी. ती बुजवली तर गावाचा पानी कुठं जाईल, ह्या लिवलाय मी.”

उघाडी म्हणजे खाडीच्या बांधातली झडप, शेतातलं पाणी बाहेर सोडायची. मॅडमनी शब्द दोन्ही तऱ्हांनी टाकला. सूची म्हणाली, नाही. मग त्यांनी सूची बाजूला ठेवून यंत्राला मूळ नोंदी एकेक करून वाचायला लावल्या. हॉलमधली सगळी माणसं थांबली होती. अधिकारी घड्याळाकडे बघत होते, पण बाईंना थांबवायचं कसं ते त्यांना कळत नव्हतं. आणि मग पडद्यावर काकांचा अर्ज आला. नाव, गाव, सगळं बरोबर. मॅडमनी तो उभं राहून मोठ्यानं वाचला. बांध कोणी बांधला, उघाडीची देखभाल कोण करतं, ती बुजली तर वरच्या घरांत पाणी कसं शिरेल. काका प्रत्येक वाक्याला मान हलवत होते.

वाचून झाल्यावर मॅडम अधिकाऱ्यांना म्हणाल्या, “सुनावणी थांबवा. कागद आहेत, सूची तुटलीय. आजवर ज्यांना ज्यांना नाही म्हणून सांगितलंत, त्या सगळ्यांना परत बोलवावं लागेल.”

अधिकारी सभ्य होते. म्हणाले, तुम्ही म्हणता ते दिसतंय मला, पण मला तुमच्या कंपनीचं लेखी पत्र लागेल, तोवर मी लिहिलेलं खोडू शकत नाही. मॅडमनी तिथूनच मालकांना फोन लावला. मॅडमचं एकच म्हणणं होतं. इंडेक्सला हात लावू नका. आधी तो आहे तसा, तुटका, जपून ठेवायचा. त्याच्यात काय काय नाही आणि कधीपासून नाही, हे त्याच्यावरूनच सिद्ध होणार. नवा बांधला की सगळं सापडायला लागेल आणि काल सापडत नव्हतं याला पुरावा उरणार नाही. मालक म्हणाले, बरोबर आहे, या तुम्ही, बसून बोलू.

त्या अलिबागला पोचेपर्यंत इंडेक्स नवा बांधून झाला होता. मालकांनी पनवेलच्या एका माणसाकडून परस्पर करून घेतला. मी मॅडमच्या मागोमाग जिना चढले तेव्हा मालक त्यांच्याच टेबलाशी उभे होते. “बघा मॅडम, सगळं सापडतंय,” ते म्हणाले, आणि आमच्यासाठी चहा सांगितला. मॅडमनी काकांचं नाव टाकलं. लगेच आलं. चहा त्यांनी घेतला नाही.

काय झालं होतं ते त्यांनी नंतर, वीज कधी गेली आणि कुठले अर्ज कधी भरले यावरून, जुळवून काढलं. उन्हाळ्यात वीज गेली तेव्हा यंत्र इंडेक्सचे जुने-नवे भाग एकत्र करत होतं. बॅकअपच्या बॅटऱ्या मेलेल्या होत्या. त्या बदला म्हणून मॅडम कितीदा तरी सांगून थकल्या होत्या. यंत्र मध्येच बंद पडलं, पुन्हा सुरू झालं, आणि जुन्या भागातला एक तुकडा गळला तो गळलाच. मासा सापडत राहिला, कारण मासा दर आठवड्याला नवा आणि नवा भाग धड होता. पण हे सगळं आता त्यांच्या डोक्यात होतं. यंत्रात त्याचा मागमूस नव्हता.

कचेरीनं खुलासा मागवला. मालकांनी लिहिलेला मसुदा आमच्यापर्यंत आला. यंत्रणा तपासली, दोष आढळला नाही. सुनावणीच्या वेळी ऑपरेटर मुलींकडून नावं टाइप करताना चूक झाली असण्याची शक्यता आहे. माझं आणि आणखी दोघींचं नाव त्यात होतं. आम्हाला समज देऊन काढून टाकायचं ठरलं होतं. माझ्या घरी हे सांगायचं कसं, या विचारानं मी जेवत नव्हते.

मॅडमनी स्वतंत्र पत्र लिहिलं आणि परस्पर कचेरीत नेऊन दिलं. ऑपरेटरांनी नावं बरोबर टाकली होती, इंडेक्स तुटलेला होता, तो कसा आणि का तुटला, आणि नव्यानं बांधून पुरावा कोणी पुसला, सगळं. शेवटी त्यांनी एक वाक्य लिहिलं, जे त्यांना कोणी विचारलं नव्हतं. रोज सकाळी मी जी तपासणी करत होते ती अपुरी होती, फक्त नव्या नोंदी तपासत होते, ही माझी चूक आहे.

बस. मालकांना तेवढंच हवं होतं. बाकीचं पत्र कोणी वाचलं की नाही कोण जाणे, पण ते एक वाक्य सगळीकडे फिरलं. डेटाबेस सांभाळणाऱ्या बाईंनी स्वतःच चूक कबूल केली आहे. कंपनीनं त्यांना काढून टाकलं, कचेरीला कळवलं की जबाबदार व्यक्तीवर कारवाई केली आहे, आणि विषय मिटला. लोकांना परत बोलावण्याचं काय? अधिकाऱ्यांची बदली झाली. नवे आलेले म्हणाले, सुनावणी पूर्ण झाली आहे, शेरे नोंदवले आहेत. कंपनीला पुढचं कामही मिळालं.

मला काढलं नाही. शेवटच्या दिवशी मॅडम टेबल रिकामं करत होत्या, तेव्हा मी जवळ गेले. म्हटलं, तुम्ही माझ्यासाठी केलंत हे मी विसरणार नाही.

“तुझ्यासाठी नाही लिहिलं,” त्या म्हणाल्या. “तसं होतं म्हणून लिहिलं. तुझी चूक असती तर तुझं नाव लिहिलं असतं.”

मी म्हटलं, पण ते शेवटचं वाक्य कशाला लिहिलंत? त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं मी पुन्हा पहिल्या आठवड्यातली मुलगी झाले होते. “खोटं होतं का?” एवढंच विचारलं, आणि पिशवी उचलून निघाल्या.

मीही पुढे ती नोकरी सोडली. वर्षभरानं एकदा त्यांचा फोन आला, ‘कशी आहेस’ वगैरे काही नाही. काकांचा बांध त्यांना बघायचा होता. अर्ज वाचला पण ती उघाडी कधी बघितली नाही, म्हणाल्या. काकांचं गाव माझ्या गावापासून जवळ, म्हणून मी त्यांना घेऊन गेले. काका घरीच होते. इस्त्रीचा शर्ट घालून आमच्याबरोबर निघाले.

बघण्यासारखं काही उरलं नव्हतं. खाडीपर्यंत लाल मुरमाचा भराव पसरला होता आणि त्याच्यावर डंपर येत-जात होते. काका एका जागी थांबून म्हणाले, इथंच, ह्याच्या खाली. मॅडमनी विचारलं, कशी असते उघाडी? मग काकांनी दोन्ही हातांनी दाखवलं. ओहोटी लागली की शेतातला पाणी आतून ढकलतो नि झडप उघडते. भरती आली का दर्या भायेरून तिला लावून घेतो. मानसाला काय करायला लागत न्हाय. मॅडम पुन्हा पुन्हा बारीकसारीक विचारत राहिल्या. झडप लाकडाची की लोखंडाची, शेवाळ कोण काढायचं, अडकली तर आत कोण उतरायचं. मी उतरायचो, काका म्हणाले.

एक डंपर मागे येऊन हॉर्न वाजवायला लागला. आम्ही बाजूला झालो. त्यानं मुरूम ओतला आणि रिकामा होऊन आमच्याजवळ थांबला. काका म्हणाले, “माजाच पोर हाय. भाड्यानं चालवतो.” त्यात त्यांना काही विशेष वाटत होतं असं दिसलं नाही.

परतायला रिक्षा नव्हती, तेव्हा त्या मुलानं आम्हा दोघींना नाक्यापर्यंत केबिनमध्ये घेतलं. रिकामा डंपर खडखडत होता. बोलणं ऐकू यायला ओरडावं लागायचं. तो म्हणाला, बाबा तुमचं सांगत असतात, तुम्ही त्यांचा अर्ज वाचून दाखवला ते. मग जरा वेळानं त्यानं विचारलं, “मॅडम, तेव्हा वेळेवर सापडला असता अर्ज, तर वाचली असती जमीन?”

“नाही,” मॅडम म्हणाल्या. “जमीन गेलीच असती. हरकती ऐकून घेतात आणि घ्यायचं ते घेतात. पण त्यांच्या नावापुढे ‘हरकत नाही’ असं लिहिलं गेलं नसतं.”

तो गिअर बदलत हसला. वाईट हसणं नव्हतं ते. “मग काय फरक पडला असता?”

नाका आला. मॅडम उतरल्या, खाली उभं राहून ओढणी सारखी केली.

“मला पडला असता,” त्या म्हणाल्या, आणि दार लोटून चालायला लागल्या. ते नीट बसलं नाही. त्यानं हात लांब करून माझ्यावरून ते पुन्हा ओढलं, मग मी अजून बसलेलीच आहे, मलाही इथंच उतरायचंय, हे लक्षात येऊन उघडून दिलं.